जिल्हा परिषदेची शाळा, दोन वर्षांचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

दोन वर्षांपूर्वी मुलीला इंग्लिश मिडीयममधून काढून आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला घातली, आता तिसरी संपत आली म्हणून लिहितोय. कोल्हापूर जिल्हा, चौथीपर्यंतची शाळा, पट (म्हणजे नाव नोंदवलेली एकूण पोरं) ३४, शिक्षक दोन. शाळेचं नाव टाकत नाही, कारण पुढं थोडी तक्रार पण आहे आणि त्यात बाईंचा किंवा सरांचा काही दोष नाही.

घालायच्या आधी ज्याला विचारावं तो एकच म्हणायचा, पट केवढा आहे तिथं? ३४ म्हटलं की तोंड वाकडं. आता जुन्या शाळेत फी भरून एका वर्गात पंचेचाळीस पोरं होती ते कुणी विचारत नव्हतं. इथं पहिली-दुसरी बाईंकडं, तिसरी-चौथी सरांकडं, एका खोलीत दोन इयत्ता. मला याचीच भीती होती, पोरीकडं लक्ष कसं राहणार म्हणून, पण झालं असं की दुसरीत असताना ती शेजारच्या पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायला लागली आणि तिचीच जोडाक्षरं पक्की झाली. बाईंना प्रत्येक पोराचं घर माहिती आहे. पोर दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन, आणि फोन लागला नाही तर मधल्या सुट्टीत स्वतः दारात. याला माझ्याकडून पाच स्टार.

मला व्यवस्थापन समितीत घेतलंय त्यामुळं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत नाव घातल्याची नोंदवही, बघायला मिळालं. आमच्या आज्जाचं नाव सापडलं, हात लावायची पण भीती वाटावी असा कागद झालाय. आमच्या भागात शाहू महाराजांनी १९१७ सालीच मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, पोराला शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड होता. नंतर १९९२ पासून राज्य सरकारनं मागास आणि गरीब घरच्या मुलींना पहिली ते चौथीत हजर राहिल्याबद्दल दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. म्हणजे आधी न आल्याचा रुपया घेतला, नंतर आल्याचा दिला. पोरगी वर्गात येऊन बसावी म्हणून किती वर्षं काय काय करावं लागलंय ते असं रजिस्टर समोर असलं की कळतं.

आमच्या वेळी पट सव्वाशेच्या वर होता, पाच शिक्षक. १९९५ च्या १५ ऑगस्टला केंद्राची आहाराची योजना सुरू झाली तेव्हा शिजवलेलं मिळत नव्हतं, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा आणि त्याला ८० टक्के हजेरीची अट. पिशवी घेऊन रांगेत उभा राहिलेलो मला आठवतंय. २००१ ला सुप्रीम कोर्टानं शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला आणि मग वर्गात खिचडी आली. आमच्या शाळेत मावशी करतात ती खिचडी खरंच चांगली असते, मी दोनदा खाल्लीय, वाटाणा आणि मटकी असते त्यात.

आता पट म्हणजे काय हे पालकांनी नीट समजून घ्या असं मला कळकळीनं वाटतं. पट आणि हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला शाई लावून मोजणी, आणि कागदावरची लाखो नावं वर्गात नव्हतीच. पुढं देशपातळीवर यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, २०२२-२३ पासून एकेका पोराची नोंद घ्यायला लागले आणि शालेय पटाचा एकूण आकडा २६.५२ कोटीवरून २५.१७ कोटी झाला, नंतर २०२३-२४ ला २४.८० कोटी. हे सगळे काही शाळा सोडून गेलेले नाहीत, दोनदोन ठिकाणी असलेली नावं पण गळाली, शिवाय जन्मही कमी झालेत. आणि कोरोनात तर उलटी गंमत, गावाकडची ६ ते १४ वयाची सरकारी शाळेतली मुलं असर नावाच्या देशभरातल्या सर्वेक्षणात २०१८ ला ६५.६ टक्के होती ती २०२२ ला ७२.९ झाली आणि २०२४ ला परत ६६.८. लोकांच्या हातात फी भरायला पैसे आले की पोरं परत खासगी शाळेच्या बसमध्ये बसली. म्हणजे एका वर्षाचा पट बघून शाळा चांगली की वाईट ठरवू नका.

तक्रार आहे ती शिक्षकांच्या संख्येची. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं, ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हे आरटीईनं (शिक्षण हक्क कायद्यानं) ठरवून दिलंय, तिसरा ६० च्या पुढं, आणि मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं निकष अजून कडक झाले. २०१२ पासून कितीतरी वर्षं भरती बंद होती, शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून आता कुठं माणसं मिळायला लागलीत. पण दोन म्हणजे रोज दोन नव्हे हो. निवडणुकीत सर बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला गेले, मग प्रशिक्षण, मग केंद्रशाळेची मीटिंग, आणि बाई एकट्या चार इयत्ता घेऊन बसल्या, दिवाळीनंतर तीन आठवडे तिसरीचा भागाकार जिथं होता तिथंच. म्हणून एक स्टार कापला. देशात २०२४-२५ ला १ लाख ४ हजारांवर शाळा एकशिक्षकी होत्या, तिथं तर कुणी आजारी पडलं की शाळाच बंद, त्यामानानं आमचं बरं म्हणायचं का, मला नाही तसं वाटत.

अजून एक, हंगामात बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं येतात, त्यांची चारपाच पोरं बाई बोलावून वर्गात बसवतात, खिचडी देतात. त्यांचं नाव तिकडच्या शाळेच्या पटावर आणि पोर इथल्या फळ्यापुढं. त्यातली एक मुलगी माझ्या पोरीची जिवाची मैत्रीण झाली, मार्चला गेली तेव्हा दोघी रडल्या.

आणि २०२३ ला २० च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघालेला आठवत असेल. आमचे चौथीचे अकरा जण जूनमध्ये जाणार, पहिलीला आत्ता सहाच नावं आलीत. कुणी वाडीच्या आसपास असाल आणि घालायचं मनात असेल तर एकदा दुपारी खिचडीच्या वेळेला येऊन वर्ग बघून जा, आणि नाव ३० सप्टेंबरच्या आत घाला.