नाताळची लाइटिंग: दरवर्षी माळा लावायच्या, कायमची बसवायची की माणसं बोलवायची?

अमेरिकेत सबर्बमध्ये पहिलं घर घेतलं की दिवाळी संपता संपता एक चर्चा सुरू होतेच, की आकाशकंदील लावलाय, दिवाळीच्या माळाही आहेत, त्याच डिसेंबरपर्यंत ठेवायच्या का नाताळसाठी नीट काहीतरी करायचं, आणि करायचं तर दरवर्षी शिडीवर चढायचं, कायमची लाइटिंग बसवून घ्यायची का सरळ पैसे देऊन माणसं बोलवायची. आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत हे तिन्ही प्रकार आहेत, जवळून बघितलेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी एक ठरवा, लाइटिंग गल्लीसाठी करताय ना? मग घर फुटपाथवरून कसं दिसतं तेच महत्त्वाचं. डिसेंबरात पाच वाजायच्या आत अंधार पडतो, थंडीने सगळे दारं लावून आत, आणि तेव्हा कुत्र्याला फिरवायला निघालेली माणसं, स्ट्रोलरमधली पोरं, कामावरून थकून येणारा शेजारी यांना तो उजेड दिसतो. मला हे फार मोलाचं वाटतं. नवीन गल्लीत ओळखी व्हायला यासारखं दुसरं काही नाही, लोक थांबतात, बोलतात. आणि ही सगळी प्रथा सुरू झाली तीही इथेच जवळपास. आजच्या एडिसन टाउनशिपमधल्या मेन्लो पार्कला ३१ डिसेंबर १८७९ ला थॉमस एडिसनने लोकांना विजेचे दिवे पेटवून दाखवले, आणि त्याचाच सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी ख्रिसमस ट्रीवर लाल, पांढरे, निळे मिळून ८० बल्ब लावले. आता त्याच एडिसन गावात, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर, आपण दिवाळीची खरेदी करतो!

आता मुद्द्यावर. पहिला पर्याय, स्वतः माळा लावणं. यात छपराच्या कडेला सी-नाइन, म्हणजे ते मोठे, खाली निमुळते होत जाणारे बल्ब, आणि झुडपांवर मिनी लाइट्स, म्हणजे बारीक बल्बांच्या माळा. छपरावर मिनी लावू नका, रस्त्यावरून नुसती पुसट रेघ दिसते. सी-नाइनमध्ये साधारण एकेक फुटावर एक बल्ब असल्याने घराचा आकार लांबून उठून दिसतो. शिवाय एक बल्ब गेला तर बाकीचे चालू राहतात, मिनीच्या माळेत बरेचदा अर्धी माळ बंद पडते आणि मग त्या थंडीत एकेक बल्ब हलवून बघत बसा.

माझा सल्ला, तयार माळेऐवजी रिकाम्या सॉकेटची वायर आणि एलईडी बल्ब वेगवेगळे घ्या. वायर घराच्या मापाची कापता येते, त्यामुळे कोपऱ्यावर उरलेलं भेंडोळं लोंबत नाही. कापलेल्या टोकाला वेगळा मिळणारा प्लग बसवायचा, त्याच्या आतले दात वायरच्या प्लास्टिकमध्ये घुसतात, सोलायला वगैरे लागत नाही. फक्त वायरच्या एका बाजूला हात फिरवला की बारीक रेघा लागतात ती न्यूट्रल, ती प्लगच्या रुंद पात्याकडे आली पाहिजे. आणि गटरला क्लिपाच लावायच्या, खिळे नाहीत, स्टेपल तर अजिबात नाही.

जुने काचेचे बल्ब दिसतात सुंदर, पण हिशोब बघा. एक बल्ब ७ वॅटचा, १०० बल्ब म्हणजे ७०० वॅट, रोज ६ तास, ३५ दिवस धरले तर १४७ युनिट. युनिटला २० सेंट धरले तर जवळजवळ ३० डॉलर. तेवढेच एलईडी १०० बल्ब ६० वॅटच्या आसपास, म्हणजे अडीच डॉलर. शिवाय १५ अँपिअरच्या सर्किटवर सलग चालणारा लोड १४४० वॅटच्या वर जाऊ नये, असे जुने बल्ब दोनशे लावून त्यात दोन हवेचे पुतळे, म्हणजे आतल्या पंख्याने फुगणारे, जोडले की तुम्ही तिथे पोचलातच. एलईडी घेताना दोनच गोष्टी बघा, वॉर्म व्हाइट म्हणजे पिवळसर पांढरा, पाकिटावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेला, आणि न लुकलुकणारे, कारण स्वस्तातल्या माळा मान वळवली की थरथरल्यासारख्या दिसतात.

हो, आणि इंडियातून बॅगेत आणलेल्या माळा इथे बाहेर लावू नका. त्या २३० व्होल्टच्या, इथे १२०, आणि बर्फ-पावसात टिकायला त्या केलेल्याच नसतात. पाकिटावर यूएलचा, म्हणजे सुरक्षेची चाचणी झाल्याचा शिक्का आणि आउटडोअर असं लिहिलेलं असेल तेच घ्या.

दुसरा पर्याय, कायमची लाइटिंग. छपराच्या खालच्या कडेला पट्टीत बसवलेले छोटे दिवे, बारा महिने तिथेच, रंग ॲपवरून बदलायचे. आपल्यासारख्यांना याचा मोह होणं अगदी साहजिक आहे, कारण दिवाळीला केशरी-पिवळा, हॅलोविनला जांभळा, नाताळला लाल-हिरवा, ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा लाल-पांढरा-निळा, आणि शिडी परत कधी काढायलाच नको. वयाने मोठी माणसं असलेल्या घरात किंवा दोन मजली उंच छपराला मी हाच पर्याय सांगेन. पण एक फरक दुकानात कुणी सांगत नाही. हे दिवे खाली तोंड करून असतात, त्यामुळे रस्त्यावरून बल्बची ओळ दिसत नाही, भिंतीवर उजेडाचे अर्धगोल दिसतात. काहींना आवडतं, मला नाताळात ती मोत्यांच्या सरीसारखी ओळच हवी असते. आणि नुसते लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करणारे दिवे घेतले तर पांढरा निळसर येतो, वेगळी वॉर्म व्हाइट चिप आहे का ते विचाराच. माणसांकडून बसवून घ्यायचं तर मध्यम घराला काही हजार डॉलर धरून चाला, स्वतः बसवायचे किट काही शे डॉलरला मिळतात. एचओए, म्हणजे वसाहतीचे नियम ठरवणारी घरमालकांची संस्था, असेल तर आधी लेखी परवानगी, कारण सिझनच्या माळा चालतात पण कायमचं काही बसवायला बऱ्याच ठिकाणी मंजुरी लागते.

तिसरा, कॉन्ट्रॅक्टर. ते येतात, लावतात, जानेवारीत काढतात, बऱ्याच ठिकाणी सामानही तेच ठेवून घेतात. काम सफाईदार. पण दरवर्षी खर्च, मोठ्या घराला हजाराच्या वर सहज. शिवाय बरेच जण माळा भाड्याने देतात, म्हणजे सोडलंत की हातात काही नाही. बुक करण्याआधी त्यांच्याकडे लायबिलिटी इन्शुरन्स आणि कामगारांचा विमा (वर्कर्स कॉम्प) दोन्ही आहेत का ते बघा, माणूस तुमच्या छपरावरून पडू शकतो. आणि ऑक्टोबरातच बुक करा, नोव्हेंबर उजाडला की मिळत नाहीत.

हवेचे पुतळे लहान मुलांना प्रचंड आवडतात, एखादा जरूर लावा, पण दिवसा पंखा बंद केला की लॉनवर कापड पडल्यासारखा दिसतो, वाऱ्यात नीट खुंट्या लागतात. लेझर प्रोजेक्टर मी सुचवणार नाही. पाच मिनिटात लागतो खरं, पण शेजाऱ्याच्या खिडकीत ठिपके जातात.

तुम्ही विचाराल तर एक मजली किंवा सोपं छप्पर असेल आणि घरात शिडी धरायला दुसरं माणूस असेल तर स्वतः लावा, एलईडी सी-नाइन, फक्त पुढच्या बाजूला, आणि दाराजवळच्या झुडपावर मिनी. उंच छप्पर आणि घरात बराच काळ राहणार असाल तर कायमची. एक-दोन वर्षांत घर बदलायचा विचार असेल तर छपराला हातच लावू नका, अंगणातलं झाड आणि पोर्चचं रेलिंग भरगच्च करा, रस्त्यावरून तेही छान दिसतं. प्लग मात्र जीएफसीआय आउटलेटलाच, म्हणजे ओल लागून वीज गळली तर लगेच बंद होणाऱ्या, जोड जमिनीपासून वर, आणि टायमर लावून अकराला बंद, समोरच्या घरात तान्हं बाळ असेल तर दहालाच.

यंदा उशीर झाला असेल तर घाई करून महाग घेऊ नका, २६ डिसेंबरपासून दुकानांत हेच सामान निम्म्या किमतीला लागतं, छपराची लांबी आताच टेपने मोजून फोनमध्ये लिहून ठेवा.