रूटिंग पावडर, कोकोपीट आणि गुटीचे बॉल: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

आधीच सांगते, पुदिना, तुळस, ओव्याचं पान असलं काही लावायचं असेल तर हे काडी-फांदीपासून रोप करायचं किट घेऊ नका, पैसे फुकट जातील. लिंबू, डाळिंब, पेरूची गुटी (म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं फोडायची आणि मग कापून लावायची) बांधायची असेल तर घ्या, पण तेही पूर्ण किट नको, नुसते बॉल सुटे मिळतात ते मागवा.

मी पुण्यात राहते, टेरेस छोटीच आहे, आणि याआधी रोपं म्हणजे नर्सरीतून आणायची एवढंच माहीत होतं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हे किट ऑनलाइन घेतलं. आत रूटिंग पावडरची डबी, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) 650 ग्रॅमची वीट, प्लास्टिकचे गुटीचे बॉल, एक कटर आणि "सर्व झाडांसाठी उपयुक्त" असं छापलेलं पत्रक. खरी गोम त्या पत्रकातच आहे. पावडर म्हणजे टाल्कमध्ये मिसळलेलं आयबीए हे मुळं फुटवणारं हार्मोन, ते कोवळ्या काडीला कमी लागतं आणि जून लाकडाला जास्त, म्हणून दुकानात ती वेगवेगळ्या ताकदीची मिळते. या डबीवर ताकदीचा आकडाच नाही. सेलरला मेसेज केला तर उत्तर आलं, "मॅम, ऑल प्लांट्सला चालते."

नाही चालत. बेसिलच्या कोवळ्या काड्या पावडर लावून कोकोपीटमध्ये खोचल्या त्या बुडातून काळ्या पडून लोळल्या, आणि त्याच झाडाच्या काड्या नुसत्या पाण्याच्या ग्लासात ठेवल्या त्यांना आठवड्याभरात पांढरी मुळं. पुदिन्याला तर तेवढाही वेळ लागत नाही, मंडईतली जुडी आणा, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा, पेरापेरातून मुळं येतात. ओव्याचं पान कुंडीत कसंही खोचा, लागतंच. गवती चहाचा बुंधा मुळासकट वेगळा करून लावायचा, तिथे पावडरचा संबंधच नाही. कोथिंबिरीला धणे चपलेखाली रगडून दोन फाका करायच्या ही आईची पद्धत, तीच बेस्ट.

कढीपत्त्याने मात्र दमवलं. काड्यांना पावडर लावली, वरून बाटली कापून झाकण केलं, पानं बरेच दिवस हिरवी राहिली म्हणून मी खूश, उपटून बघितलं तर खाली काहीच नाही. मग आमचे माळीकाका म्हणाले, "ताई, मोठ्या झाडाच्या बुडाशी मुळातून पिल्लं फुटतात, ती काढा." ते पिल्लू मुळाच्या तुकड्यासकट लावलं आणि आता मस्त वाढतंय. बियांपासून करायचं असेल तर पिकलेली काळी फळं आणून गर काढून लगेच पेरा, सुकवून ठेवलेलं बी उगवत नाही. रोझमेरीला वेळ फार लागतो, आणि नुसत्या कोकोपीटमध्ये ती सडते, निम्मी जाड वाळू मिसळल्यावर थोड्या काड्या जगल्या.

कोकोपीट ठीक आहे, पण भिजवून दोनतीनदा धुवून घ्या, क्षार असतात त्यात. आणि त्यात खत म्हणून काहीच नसतं, मुळं आली की रोप मातीत हलवायचं, हे पत्रकात नाही.

आता गुटी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. सोसायटीच्या मागे कागदी लिंबाचं जुनं झाड आहे, बारा महिने लिंबं. पेन्सिलएवढी जाड फांदी बघायची, साधारण इंचभर रुंदीची साल गोल काढायची, खालचा बुळबुळीत थर कटरने नीट खरवडायचा (तो राहिला तर साल परत जुळते आणि मुळं फुटत नाहीत), वरच्या कडेला पावडर चोळायची, ओलं शेवाळ (मॉस) भरून बॉल लॉक करायचा. इथे पावडर उपयोगी पडली असं माझं मत, कारण पावडर लावलेल्या फांद्यांना मुळं आधी आणि जास्त दिसली. बॉल पारदर्शक असल्याने रोज डोकावता येतं. आधी वरच्या कडेला पांढरट फुगीर गाठी दिसल्या, मग एके दिवशी प्लास्टिकला आतून चिकटलेलं मूळ, दोऱ्यासारखं, टोक पिवळसर. ते तपकिरी होऊन जाळं धरेपर्यंत थांबायचं, तोपर्यंत कापायची घाई करू नका. कापल्यावर पानं निम्मी कमी करायची आणि कुंडी सावलीत. बियांपासूनही कागदी लिंबू चांगलं येतं, पण फळाला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, गुटीला त्या मानाने लिंबं लवकर लागतात.

डाळिंबाची गुटीही लागली, पण ज्या झाडावर बांधणार ते निरोगी आहे ना हे आधी बघा, तेल्या असलेल्या झाडाची गुटी म्हणजे रोग घरी आणणं. आणि गुटीच्या रोपाला सोटमूळ नसतं, म्हणून टेरेसवर वारा असेल तर काठीला बांधा.

याच्या उलट उन्हाळ्यातला अनुभव. मार्चमध्ये परत बॉल बांधले, त्यात कोकोपीट भरलं, आणि दोन दिवसांत ते आतून कोरडं. बॉलच्या जोडातून हवा शिरते. सिरिंजने पाणी घालत बसावं लागतं आणि तरी फांदी सुकलीच. त्यापेक्षा शेवाळ आणि पॉलिथीन दोन्ही टोकांना सुतळीने घट्ट बांधलेलं जास्त टिकलं. माळीकाकांचं म्हणणं, "पावसात कोणती पण काडी लागते." तुती, गुलाब यांना ते खरंय, आंब्याला नाही. पत्रकात आंब्याच्या काडीचाही फोटो आहे! आंब्याचं कोकणात कोय कलम करतात, पावसाळ्यात, उगवलेल्या कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी पाचर मारून. हापूसची नुसती कोय लावली तर येणारं झाड हापूसचंच गुण घेऊन येईल असं नाही.

पाचपैकी रेटिंग: बॉलना चार (पावसाळ्यात), पावडरला तीन, कोकोपीटला तीन, पत्रकाला शून्य. कटर पहिल्याच महिन्यात गंजला, घरातला धार केलेला चाकू वापरा, प्रत्येक फांदीनंतर पुसून. बॉल मागवताना मधल्या साइजचे घ्या, छोट्यात लिंबाच्या फांदीभोवती शेवाळ पुरेसं बसत नाही.