मका, मळी की पाचट? कराड-वाळवा पट्ट्यात पैसे घालण्याआधी

साखराळे, वाळवा, कुंडल, रेठरे. आमच्याकडं कुठल्याही दिशेला निघा, थोड्या अंतरावर साखर कारखान्याचं धुराडं दिसतंच. त्यामुळं रस्त्यालगत चार एकर मोकळी असली आणि दोन पाव्हणे भागीदारीला तयार झाले की कारखान्याच्या मागच्या अंगाला जे पडून असतं त्याचं काय करता येईल, हा विषय निघतोच. मी उमेदीची वर्षं डिस्टिलरीच्या लॅबमध्ये काढली, म्हणून लोक माझ्याकडं येतात. यंदा तिघं आले. त्यातला एक सख्खा भाचा. ‘मामा, मक्याचं इथेनॉल टाकू, गॅस करू, का ते बायोप्लास्टिक?’

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पेपरात ‘मळी’ येते ती बहुतेक वेळा मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. आपण ट्रॉलीनं शेतात ओततो ती मळी म्हणजे प्रेसमड, रस गाळून उरलेला गाळ. पहिलीपासून दारू-इथेनॉल, दुसरीपासून गॅस. भाच्याच्या पहिल्या हिशेबात दोन्हींचा भाव एकच धरला होता. इथून पुढं मी मळी म्हणेन ती प्रेसमड.

इथेनॉल: गाडी भरली आहे

पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं. पेट्रोलमध्ये १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये झालं आणि २० टक्क्यांचा पल्ला २०२५ मध्ये गाठला. अडचण तिथंच आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी साधारण १,०५० कोटी लिटर मागितलं आणि उत्पादकांनी १,७७६ कोटी लिटर देऊ केलं. मिश्रणाची टक्केवारी वाढेपर्यंत नव्यानं येणाऱ्याला उभं राहायलाच जागा आहे, बसायला नाही.

मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये मिळतात. उसाच्या रसाच्याला ६५.६१ आणि बी-हेवी मोलॅसिसच्याला, म्हणजे पूर्ण साखर न काढता ठेवलेल्या पाकाच्याला, ६०.७३. कागदावर मका पुढं दिसतो. पण एका टनातून साधारण ३८० लिटर निघतं आणि २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आहे. म्हणजे एका लिटरमागं ६३ रुपये नुसत्या मक्याचे गेले. उरलेल्या पावणेनऊ रुपयांत वाफ, वीज, एन्झाइम, पगार आणि बँकेचं व्याज. मका हमीभावाखाली मिळाला तरच हात मोकळा होतो, आणि तो स्वस्त व्हावा अशी इच्छा धरणं आपल्याच गावात बसून जरा अवघड जातं. वर उरलेली पेंड, म्हणजे डीडीजीएस, विकून भर पडते. पण देशभर मक्याच्या डिस्टिलऱ्या झाल्यानं ही पेंड इतकी आली की सोयापेंडीचाही भाव तिनं खाली ओढला. सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांचा राग उगाच नाही.

आणखी एक. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं सहकारी कारखान्यांना त्यांच्या डिस्टिलऱ्या धान्यावरही चालतील अशा करायला व्याज सवलत दिली. म्हणजे गाळप संपलं की शेजारचा कारखानाही मक्याच्या बाजारात तुमच्या समोर उभा. त्याची भट्टी, बॉयलर, स्पेंटवॉशची (डिस्टिलरीच्या सांडपाण्याची) सोय आधीचीच. तुम्हाला सगळं नव्यानं, दिवसाला एक हजार लिटरमागं कोटीभर तरी धरा.

सरकारी धोरणाचा भरवसा म्हणाल, तर ७ डिसेंबर २०२३ आठवा. ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, मग १७ लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली आणि पूर्ण मोकळीक यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. कर्जाचे हप्ते मध्ये थांबले नव्हते.

गॅस: खरा विचार इथं करा

मळीपासून बायोगॅस, तो शुद्ध करून, दाबून सीएनजीसारखा विकायचा. त्यासाठी केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ मध्ये आली, ५,००० प्रकल्पांचं लक्ष्य होतं. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही गाडी गेली नाही. मग मी याच्याकडं ओढा का दाखवतो? कारण खरेदीची बाजू आता बदलली. शहर गॅस कंपन्यांना हा गॅस मिसळणं बंधनकारक झालंय: २०२५-२६ मध्ये १ टक्का, पुढच्या वर्षी ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५. इथेनॉलचा जिना चढून झाला, याचा नुकता सुरू झालाय.

आता मळीचा हिशेब, आणि तो स्वतः कागदावर मांडा. एक टन गॅसला साधारण २५ टन मळी लागते. दिवसाला पाच टनांचा प्रकल्प म्हणजे रोज १२५ टन. वर्षात ३३० दिवस चालवायचा तर ४१ हजार टन. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यातून साडेतीन टक्क्यांनी पावणेदोनशे टन मळी निघते, आणि हंगाम १२० दिवसांचा. झाली एकूण २१ हजार टन. म्हणजे एका कारखान्याची सगळीच्या सगळी मळी मिळाली तरी तुमचं अर्धं वर्ष भागतं.

बरं, साठवून ठेवू म्हटलं तर मळी म्हणजे काही ज्वारी नव्हे. ढीग आतून तापतो, कुजतो, आणि ज्यातून तुम्हाला गॅस मिळायचा तो हवेत जातो. जूनमधल्या मळीतून जानेवारीइतका गॅस निघत नाही. पन्हाळी पत्रा, दाबून झाकणं, शेण, नेपिअर गवत, भाजी मंडईचा कचरा असे उपाय आहेत. प्रत्येकाची वेगळी वाहतूक आणि वेगळी कटकट. शिवाय मळीत वाळू आणि मेण असतं, टाकीच्या तळाला थर धरतो. गंधकामुळं निघणारा हायड्रोजन सल्फाइड नीट काढला नाही तर तो कॉम्प्रेसर खातो. यंत्र विकणारा या दोन गोष्टींवर फार बोलत नाही, तुम्हीच विचारा.

आणि गॅसपेक्षा खतच कितीतरी जास्त निघतं, रोज वीस टनांच्या वर. टनाला १,५०० रुपये मदत केंद्रानं २०२३ मध्ये जाहीर केली, पण गिऱ्हाईक तुम्हालाच शोधायचंय. हा प्रकल्प खताच्या दुकानासारखा चालवला तर चालतो. गॅसच्या पंपासारखा चालवू पाहणारे अडकतात.

खर्च पाच टनांना ३० कोटींच्या पुढं. म्हणजे एकट्या-दुकट्याचं काम नाही, शेतकरी उत्पादक कंपनी हवी.

रसायनं आणि बायोप्लास्टिक

इथं चटकन सांगतो. उत्तर प्रदेशातल्या कुंभीत बलरामपूर चिनी मिल्स वर्षाला ८० हजार टन पीएलए, म्हणजे साखरेपासून होणाऱ्या बायोप्लास्टिकचा कारखाना उभा करतेय, खर्च २,८५० कोटी. पुण्याच्या प्राज कंपनीनं जेजुरीला याचंच छोटं प्रात्यक्षिक केंद्र २०२४ मध्ये सुरू केलं, तिथं जाऊन बघण्यासारखं आहे. सोमय्यांची गोदावरी बायोरिफायनरीज साकरवाडीत अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेटसारखी रसायनं कित्येक वर्षं करतेय. आपल्या फलटण-लोणंदच्या अगदी उंबऱ्यावर, नीरेलाही अल्कोहोलवरची रसायनं होतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: साखर किंवा अल्कोहोल त्यांच्या स्वतःच्या घरात आहे, नाहीतर दारात.

बाहेरून अल्कोहोल घेऊन रसायन करायचं तर गंमत बघा. इंधनामुळं इथेनॉलचा भाव वर टिकून राहिला. ज्या रसायनाशी स्पर्धा, ते कोळशापासून किंवा नैसर्गिक वायूपासून स्वस्तात येतं. उद्योगासाठीचं इथेनॉल अमेरिकेतून आणावं लागतं, एवढी ओढाताण आहे. विमानाच्या इंधनाचंही तसंच. मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान जैवइंधनाचं मिश्रण भरून उडालं, २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांना १ टक्क्याचं लक्ष्य आहे. त्या विमानात आपल्याला खिडकीची काय, कुठलीच सीट नाही.

आणि पांढरा कोळसा

याचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ब्रिकेट! भुसा, शेंगांची टरफलं, सोयाबीनचं काड, पाचट दाबून कांड्या करायच्या आणि डेअरीला, कुपवाडच्या एमआयडीसीत, विटा-इचलकरंजीच्या सायझिंगला (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांना) द्यायच्या. दोन कोटींच्या आत बसतं, गिऱ्हाईक चाळीस-पन्नास किलोमीटरवर, सरकारी भाव-बंदी काही नाही. नफा बेताचा. नुसत्या पाचटाच्या कांडीत राख जास्त, बॉयलरमध्ये क्लिंकर, म्हणजे राखेचा घट्ट खडा धरतो, म्हणून ती मिसळूनच द्यावी लागते. आणि खोडव्याचं पाचट उचलू नका, ते रानातच कुजलेलं बरं. लागणीसाठी मोडायच्या रानातलं घ्या, तसंही ते पेटवूनच देतात.

तिघांपैकी मक्यावाल्याला मी सरळ नको म्हणालो. एकानं ब्रिकेटचं मशीन घेतलं. भाचा गॅसवर ठाम होता, त्याला म्हटलं, आधी कारखान्याकडून मळीचा सात वर्षांचा करार आण, कर्ज तेवढ्याच मुदतीचं आहे. महिनाभर खेटे घातल्यावर त्याला एका हंगामाचं पत्र मिळालं, तेही ‘उपलब्धतेनुसार’. भाव पुढच्या वर्षी बघू म्हणाले. प्रकल्प अहवालाचे पैसे त्यानं अजून दिलेले नाहीत.