समुपदेशकाच्या कपाटातली साधनं : सीमाभागात कुठलं चालतं, कुठलं अडतं

शाळेतल्या समुपदेशनासाठी साहित्य नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. पोर्टल आहेत, कलचाचण्या आहेत, फुकट हेल्पलाईन आहेत. पण कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी किंवा येळ्ळूरच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात ती वापरायला घेतली की कुठेतरी एक रकाना येतो आणि तो आपल्या मुलाला भरताच येत नाही. कुणी महाराष्ट्राच्या विद्यार्थी नोंदणीचा सरल आयडी मागतं, कुणी कन्नड माध्यमाचा दाखला, कुणी प्रश्नच हिंदीत विचारतं. म्हणून हे परीक्षण करताना साधन किती देखणं आहे हे बाजूला ठेवलं. दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलाला त्याचा उपयोग कुठपर्यंत होतो, तेवढंच पाहिलं.

सगळ्यात वरचा नंबर टेलिमानसला, म्हणजे १४४१६ ला. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा चोवीस तास आणि मोफत आहे. मराठी धरून वीस भाषांत ती चालते, आणि तिचं मुख्य केंद्र बेंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत आहे. सीमाभागात हिचा मोठा फायदा म्हणजे कसलाही आयडी लागत नाही आणि माध्यम कुणी विचारत नाही. रडणाऱ्या मुलीला ‘कन्नड बोलता येतं का’ हा पहिला प्रश्न ऐकावा लागू नये, एवढ्यासाठीसुद्धा हा नंबर पाठ असावा. फोन लागला की आधी भाषा निवडावी लागते आणि गोंधळ होतो तो तिथेच. घाबरलेलं मूल पहिलाच पर्याय दाबतं, समोरून अनोळखी भाषा आली की फोन ठेवून देतं आणि पुन्हा लावत नाही. त्यामुळे मुलांना नंबर देण्याआधी समुपदेशकानं स्वतः एकदा शाळेच्या फोनवरून तो लावून पाहावा, मराठीसाठी काय दाबायचं ते ऐकावं आणि भिंतीवरच्या कागदावर नंबराच्या खालीच लिहावं. नुसता नंबर चिकटवून भागत नाही.

फोनवर काम संपतं असंही समजू नये. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला सरळ विचारावं, ‘मरावंसं वाटतं का? कसं, काही ठरवलंयस का?’ विचारल्यानं त्याच्या डोक्यात विचार घुसतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आलं तर पालक येईपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही आणि पालकांना त्याच दिवशी शाळेत बोलवायचं. घरी ऊस किंवा भाजीपाला असेल तर फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात ठेवायला सांगायचं, आणि ते नुसतं आईला न सांगता घरात किल्ली ज्याच्याकडे असते त्याला सांगायचं. उपचार लागले तर तालुक्याच्या सरकारी इस्पितळात कर्नाटकाच्या मनोचैतन्य योजनेखाली मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. कुठल्या मंगळवारी ते आधी फोन करून विचारावं. त्याहून पुढचं दार म्हणजे धारवाडचं डिमहान्स, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था. बेळगावहून सकाळच्या बसनं गेलं तर संध्याकाळी परत येता येतं, आणि हे आईबापांना सांगितलं की निम्मी भीती जाते. ‘वेड्यांचं इस्पितळ’ हा शब्द त्यांच्या तोंडून येणारच. तो आला की ‘परीक्षेच्या ताणाचे डॉक्टर’ एवढंच म्हणावं.

शिक्षण मंत्रालयाचं मनोदर्पण हे विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचं पोर्टल २०२० सालचं आहे. वाचायला साहित्य भरपूर, पण ते शिक्षकाच्या कामाचं जास्त, मुलाच्या कमी. कपाटात असू द्यावं.

महाकरिअर पोर्टलचा मोह मात्र सगळ्यांना पडतो आणि तो साहजिक आहे. महाराष्ट्र शासन आणि युनिसेफनं मे २०२० मध्ये सुरू केलेलं हे पोर्टल मराठीत आहे. एकेका व्यवसायाला काय शिकावं लागतं, प्रवेश परीक्षा कुठली, शिष्यवृत्ती कुठली हे एका पानावर नीट मांडलंय. भाषा शाळकरी मुलाला कळेल अशी आहे. अशा दर्जाचं दुसरं काही मराठीत चटकन सापडत नाही. पण दार उघडतं सरल आयडीनं, आणि सरल आयडी महाराष्ट्रातल्या शाळेच्या मुलालाच मिळतो. आपल्या मुलाकडे असतो तो सॅट्सचा नंबर, म्हणजे कर्नाटकाच्या विद्यार्थी नोंदणीचा. त्या रकान्यात तो चालत नाही. काही ठिकाणी चंदगड-गडहिंग्लजकडच्या नातेवाईक मुलाचा आयडी घेऊन काम भागवतात. असं करू नये, ती दुसऱ्या मुलाची नोंद आहे. माहिती उत्तम, पण सीमाभागासाठी दहापैकी चार, आणि ते चारही शिक्षकानं स्वतः वाचून मुलांना सांगितलं तरच. त्यात दिलेल्या संस्था आणि शिष्यवृत्त्या बहुतांशी महाराष्ट्राच्या चौकटीतल्या आहेत, हेही सांगायला विसरू नये. नाहीतर मूल घरी जाऊन महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीचा हिशोब मांडतं.

एनसीईआरटी आणि सीबीएसईची तमन्ना ही अभियोग्यता चाचणी नववी-दहावीसाठी आहे. भाषा, शाब्दिक तर्क, अमूर्त तर्क, संख्या, यांत्रिक, अवकाशीय आणि आकलनवेग अशा सात बाजू ती तपासते. पास-नापास नाही आणि निकालावरून कुणावर विषय लादायचा नाही, हे तिच्याच सूचनांत लिहिलंय. चाचणी चांगली आहे, पण ती हिंदी-इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या मुलाचे भाषा आणि शाब्दिक तर्काचे गुण यात पडतात ते भाषेमुळे, बुद्धीमुळे नव्हे. तो आकडा वाचूच नये. आकृत्यांवर चालणारे अमूर्त, अवकाशीय आणि यांत्रिक हे तीन भाग मात्र भरवशाचे धरता येतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकराच्या पोराला यांत्रिक भागात चांगले गुण पडले आणि भाषेत कमी, तर ‘हा आर्ट्सचा नाही, सायन्सचाही नाही’ असा निष्कर्ष काढणारा समुपदेशक चाचणीला बदनाम करतो. त्या मुलाशी डिप्लोमाबद्दल आणि आयटीआयच्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट ट्रेडबद्दल बोलायला हवं. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप सायकलच्या अंतरावर आहेत. त्याला तिथे एक दिवस नेऊन उभं करावं. अहवालाच्या चार पानांपेक्षा ते जास्त कळतं.

आता ज्यासाठी पालक खरोखर शाळेत येतात ते, म्हणजे प्रवेश. दोन दारं आहेत, आणि त्यांचे नियम एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

कर्नाटकाचं दार म्हणजे केईए, राज्याचं परीक्षा प्राधिकरण. तिथली माहितीपुस्तिका लांबलचक आणि रूक्ष आहे, पण तिच्याइतकं खरं दुसरं काही नाही. युट्यूबवरचे ‘सर’ ऐकण्याआधी ती वाचावी. सीईटीच्या प्रत्येक विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. पेपर इंग्रजी आणि कन्नडात, मराठीत नाही. इंजिनीअरिंगच्या रँकला निम्मे गुण सीईटीचे आणि निम्मे दुसऱ्या पीयूसीचे, म्हणजे इथल्या बारावीचे. म्हणून पीयूचं कॉलेज सोडून नुसत्या क्लासवर विसंबणाऱ्या मुलाचं इथे नुकसान होतं. कन्नड माध्यमाचं पाच टक्के आरक्षण मराठी माध्यमाच्या मुलाला मिळत नाही. ग्रामीण १५ टक्के मात्र मिळू शकतं, आणि तेच हातचं जातं. त्यासाठी पहिली ते दहावी अशी सलग दहा वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात, आणि दाखल्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते. मूल पाचवी-सहावीला मामाकडे शिनोळीला शिकलं, तर गाव खेडंच असलं तरी ते कर्नाटकात नाही, म्हणजे साखळी तुटली. सातवीपासून बेळगाव शहरात आणलं तरी तुटली. हे बारावीनंतर कळून उपयोग नाही. आठवीत प्रवेश घेतानाच मागच्या शाळांची नावं एका कागदावर लिहून घ्यावीत. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आर. डी. नंबर केईए ऑनलाईन तपासतं. नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून दाखला हातात आला की मुलाचं आणि वडिलांचं नाव एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या मार्क्सकार्डाशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावं. मराठीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत जाताना आडनावाचं काय होतं, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आणखी एक गैरसमज : घटनेच्या कलम ३७१ जे चा आरक्षणाचा लाभ कल्याण कर्नाटकाचा, म्हणजे कलबुर्गी-बीदरकडच्या जिल्ह्यांचा आहे, बेळगाव जिल्ह्याला तो लागू नाही.

दुसरं दार महाराष्ट्राच्या सीईटी सेलचं. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात उमेदवारांचे प्रकार ए, बी, सी असे इंग्रजी अक्षरांनी केलेत. त्यातला ‘टाईप ई’ खास वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी आहे. दहावी किंवा बारावी त्या भागातल्या मान्य संस्थेतून झालेली असावी लागते. म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या कॉलेजला परराज्यातला उमेदवार म्हणून रांगेत उभं राहायची गरज नाही. सोय चांगली आहे, पण कागद दोन लागतात : संस्था सीमाभागात आहे याचा जी-१ आणि मातृभाषा मराठी असल्याचा जी-२. नमुने त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेले असतात. गेल्या वर्षीची झेरॉक्स चालेल असं धरू नये, आणि मजकूर स्वतःच्या शब्दांत तर मुळीच लिहू नये. फॉर्म भरताना मूल सवयीनं ‘महाराष्ट्राबाहेरचा’ हा पर्याय निवडतं आणि पुढचं सगळं चुकत जातं. कर्नाटकाचा आर. डी. नंबरचा दाखला जोडून इथे मागास प्रवर्ग मिळेल, असंही धरू नये. मेडिकलच्या पुस्तिकेतही एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) या नावानं सीमाभागासाठी वेगळी तरतूद असते. तिचे नियम निराळे, तेव्हा दोन्ही एकत्र करून पालकांना सांगू नये.

महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीचं गणित वेगळं आहे. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला १५० प्रश्न, २०० गुण, आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. रँक पर्सेंटाईलवर, बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते. म्हणजे पीयूत चांगले गुण पडणाऱ्या कष्टाळू मुलाला केईए बरं, आणि वेळ लावून झटपट गणित सोडवणाऱ्याला महाराष्ट्र. दोन्ही द्यायला हरकत नाही, पण तारखा साधारण एप्रिल-मेच्या त्याच काळात येतात आणि अभ्यासक्रमाचा भर वेगळा असतो. डिसेंबरातच पालकांना समोर बसवून मुख्य परीक्षा कुठली ते ठरवून घ्यावं.

यापेक्षा मोठी खाच दहावी आणि पीयू यांच्यामध्ये आहे, आणि तिच्यासाठी एकही तयार साधन नाही. मराठीत विज्ञान शिकलेलं मूल पीयू सायन्सला गेलं की एका महिन्यात सगळं इंग्रजी. वर्गात हात वर होणं बंद होतं, पहिल्या चाचणीत गुण पडतात आणि दिवाळीपर्यंत ‘मला सायन्स झेपत नाही’ ऐकू येतं. ते बऱ्याचदा सायन्स नसतं, शब्द असतात. एसएसएलसीनंतरच्या सुट्टीत दोनशे पानी वहीत तीन रकाने पाडावेत : आपल्या पुस्तकातला शब्द, इंग्रजी शब्द देवनागरीत, आणि एक आकृती किंवा सूत्र. वेग म्हणजे व्हेलॉसिटी, चाल म्हणजे स्पीड, घनता म्हणजे डेन्सिटी. रोज दहा शब्द धरले तरी जूनपर्यंत तीन-चारशे होतात. याला कुठलंही ॲप लागत नाही.

निकालाच्या दिवसाबद्दल एवढंच : एसएसएलसीच्या आता एका वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात आणि चांगले गुण राखता येतात. नापास मुलाला ही गोष्ट निकालाच्या आदल्या दिवशी सांगितलेली असावी, नंतर नव्हे. मोबाईलवर निकाल पाहून कोपऱ्यात बसलेल्या मुलाला त्या वेळी काही ऐकू जात नाही.

सैन्यात जाणाऱ्यांची इथे कमी नाही, मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात आहे. अग्निवीर जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. मैदानावर पळणारी पोरं गणितात तेहतीसला अडतात, तेव्हा पहाटेच्या सरावाइतकाच वेळ गणिताला द्यायला सांगावं. चार वर्षांनंतर चौघांतला एकच कायम होतो, हेही आईवडिलांसमोर बोलावं.

शेवटचं कपाट कायद्याचं. पोक्सो २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकालाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणून ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन बोलणं सुरू होण्याआधी द्यायचंच नाही. ‘तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्यावर अत्याचार केला असेल तर मला कळवावं लागेल, बाकी आपल्यातच’ हे वाक्य बरोबर. मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाईन आहेच. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी व्यवस्था लावावी, सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं आणि हेल्पलाईनचे नंबर वर्गात, वसतिगृहात मोठ्या अक्षरात लावावेत. संस्थाचालकांकडे पद मागताना तोंडी विनंती करण्यापेक्षा हे निर्देश अर्जाला जोडावेत.

आणि तो नंबरांचा कागद मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावू नका, तिथे उभं राहून नंबर लिहून घ्यायला कुठलंही मूल धजावत नाही. पाण्याच्या टाकीजवळ, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि सायकल स्टँडच्या खांबावर लावा. मराठी, कन्नड दोन्हीत.