व्हिडिओ कॉल की साधा फोन?
आई पुण्यात सदाशिव पेठेत, बहीण कॅनडात, मी नोकरीपायी नागपुरात. बहिणीचं म्हणणं, चेहरा दिसल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही. आईचं म्हणणं, चेहरा दिसला की बोलणंच होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल २०१६ मध्ये आले. नातवाचा पहिला दात आईने त्यावरच पाहिला. साध्या फोनला ते कुठून जमणार? पण कॅमेरा वर आणि चेहरा खाली. आपण समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, तेव्हा त्याला आपली नजर खाली गेलेली दिसते. त्यात कोपऱ्यातल्या चौकोनात आपणच! आईचं निम्मं लक्ष पदर सारखा करण्यात, उरलेलं "आता दिसतेय का गं?" यात.

साध्या फोनवर तीच आई कान-खांद्यात मोबाइल धरून मटार सोलत तासभर बोलते. शेंग फुटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. मध्येच गप्प झाली, तर तेही कळतं. परवा माझ्या नुसत्या "हॅलो"वर म्हणाली, "सर्दी झालीय ना रे? वाफ घे."

बाळ दाखवायचं असेल तर व्हिडिओ, वादच नाही. एरवी मी आईच्या पार्टीत. बहीण म्हणते, दाढी केलेली नसते म्हणून.