माझदा एमएक्स-५: हजार किलोच्या आतली गाडी आणि आपली नवी मुंबई

आकडे आधीच सांगून टाकतो कारण भेटेल तो तेच विचारतो. दीड लिटर पेट्रोल, टर्बो नाही, १३१ पीएस पॉवर, १५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअर मॅन्युअल, पॉवर मागच्या चाकांना, दोन सीट आणि वर कापडी हूड, म्हणजे उघडता येणारं छप्पर. शून्य ते शंभरला आठ सेकंदांच्या थोडं वर. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो, कारण क्रेटा टर्बोमध्ये पण १६० पीएस मिळतात, मग हिच्यात एवढे पैसे कशाला घातले असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. पण जो आकडा कोणीच विचारत नाही तिथेच सगळा खेळ आहे, तो म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन ९७५ किलो. म्हणजे आपल्या साध्या स्विफ्टच्या जवळपास. आणि ते वजन पुढे-मागे जवळजवळ अर्धं-अर्धं वाटलेलं.

माझदाने कार इथे कधी विकल्याच नाहीत, आपल्याकडे हे नाव माहीत आहे ते स्वराज माझदाच्या टेम्पो आणि स्कूलबसमुळे. नेरुळच्या पंपावरच्या माणसाने पुढचा लोगो बघून "साहेब, ही स्वराजवाल्यांची का?" असं विचारलं, आणि चूक नव्हतंच त्याचं, ऐंशीच्या दशकात माझदाबरोबरच तर त्या गाड्या सुरू झाल्या. माझी गाडी आधीच्या मालकाने इंग्लंडहून आणवलेली, उजव्या हाताचं स्टिअरिंग, कस्टम ड्युटी भरलेली, मी त्यांच्याकडून सेकंडहँड घेतली. मॉडेल चौथ्या पिढीचं, २०१५ ला आलेलं. पहिली पिढी १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली होती आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमाच्या फॅक्टरीतून बाहेर पडली, दोन सीटच्या ओपन स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कोणाचा नाही.

आता ओळख कशी झाली ते. सुरुवातीला मी ही नेहमीच्या गाडीसारखीच चालवत होतो, म्हणजे सिग्नल लांबून दिसला की लवकर ब्रेक, वळण आलं की आधी भरपूर स्लो, मग बाहेर पडताना ॲक्सिलरेटर. त्यात मजा येतच नव्हती, गाडी नुसती गोंगाटी वाटायची. मग हळूहळू कळायला लागलं की हिला एवढं थांबवायची गरजच पडत नाही. वजनच नाही तर थांबवायचं काय, ब्रेकवर पाय नुसता टेकवला की काम होतं, आणि जो वेग वळणात घेऊन गेलात तो वळणातून तसाच बाहेर येतो. इंजिन लहान आहे म्हणून गेलेला वेग परत मिळवायला वेळ लागतो, त्यामुळे आपोआपच तुम्ही वेग जपून वापरायला शिकता, पुढचं लांबवर बघायला लागता. मला वाटतं हिच्याकडून सगळ्यात मोठी गोष्ट हीच शिकायला मिळते.

दुसरी गोष्ट बॉडी रोल. विदेशातल्या बऱ्याच रिव्ह्यूमध्ये यावर टीका आहे की गाडी वळणात फार कलते. कलते, खरंय. पण पाम बीच रोडला पहाटे सहाच्या सुमाराला मोराज सर्कलवरून बेलापूरकडे निघालं की जी लांबलचक सौम्य वळणं आहेत ना, तिथे साठच्या स्पीडला सुद्धा तुम्हाला कळतं की आता बाहेरच्या चाकावर वजन जातंय, आता पूर्ण बसली, आता परत सरळ होतेय. सीट एवढी खाली आणि मागच्या एक्सलच्या एवढी जवळ आहे की हे सगळं कमरेतून समजतं. जोरात जायची गरज नाही. आणि आपल्याकडे जोरात जाणार तरी कुठे, पाम बीचवर कॅमेरे आहेत, सिग्नल आहेत, सकाळी चालायला आणि पळायला आलेली माणसं आहेत, त्यांच्या बाजूने शंभरने जायचा कोणाला हक्क नाही. पाचशे पीएसची गाडी इथे घेतली तर तिचा पाव भाग पण वापरता येत नाही, हिचं मात्र सगळं वापरता येतं.

याच्या अगदी उलट टोकाला २०२५ मध्ये आपल्याकडे आलेली एमजी सायबरस्टर आहे, ती पण दोन सीट, ती पण ओपन, इलेक्ट्रिक, ५१० पीएस, पण वजन जवळपास दोन टन. दिसायला फार सुंदर गाडी आहे, वेग तर विचारूच नका. पण माझ्यासारख्याला जे पाहिजे ते दोन टनात मिळणं अवघड आहे, कारण वजन पॉवरने भरून काढता येतं ते सरळ रस्त्यावर, वळणात टायरला ते वजन ओढावंच लागतं. माझदाच्या इंजिनिअर लोकांनी इथे अक्षरशः ग्रॅम ग्रॅम मोजलेत, बॉनेट ॲल्युमिनियमचं, डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं, पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, आणि हूडला मोटर नाही.

हूडबद्दल सांगतोच. वर आरशाजवळ मध्यभागी एक लॅच आहे, ती सोडायची, हूड एका हाताने धरून डोक्यावरून मागे न्यायचं आणि सीटमागच्या खाचेत दाबायचं, खट्ट आवाज आला की झालं. सीटवर बसल्या बसल्या होतं, सिग्नल हिरवा व्हायच्या आत. लावताना मागचं लॉक सोडून मागे हात घालून ओढायचं, त्याला खांद्याची थोडी सवय लागते. मोटर, पंप, वायर काही नाही म्हणून बिघडायला पण काही नाही. कधी उघडायचं हे मात्र नीट ठरवावं लागतं. मे महिन्यात दुपारी सायन-पनवेल हायवेवर उघडं बसणं म्हणजे उन्हात भाजणं, तिथे गपचूप हूड लावून एसी चालू करायचा, केबिन एवढीशी आहे की दोन मिनिटांत गार होते. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, किंवा रात्री जेवण झाल्यावर सीवूड्सच्या बाजूने एक चक्कर, हा तिचा खरा टाइम. खाडीच्या बाजूने भरतीचा तो खारट वास येतो, फ्लेमिंगोंच्या सीझनमध्ये तर हूड उघडं असलं की त्यांचा कलकलाट पण ऐकू येतो, इतकी वर्षं इथे राहून काच लावलेल्या गाडीतून हे कधी कळलंच नव्हतं.

पण खरी ओळख झाली ती बोरघाटात. पनवेलवरून जुन्या हायवेने खोपोली, आणि तिथून वर शिंग्रोबाच्या देवळाकडे. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली त्याचं ते देऊळ, ड्रायव्हर लोक आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात, मी पण टाकलं. त्या चढाला दुसरा आणि तिसरा एवढे दोनच गिअर पुरतात. इंजिनची पूर्ण पॉवर ७००० आरपीएमला येते आणि लाल रेषा ७५०० ला, त्यामुळे चढावर इंजिन खुशाल वर खेचायचं, टर्बो नसल्यामुळे पाय जेवढा हलेल तेवढंच आणि त्याच क्षणी इंजिन उत्तर देतं, मध्ये थांबणं नाही. मीटरमध्ये सुद्धा आरपीएमचा काटाच मधोमध आहे, स्पीडचा बाजूला. आणि गिअर लिव्हर! मनगट हलवलं की पडतो, एवढासा प्रवास आहे त्याचा, पण प्रत्येक गिअर जागेवर बसल्याचं हाताला स्वच्छ कळतं. सकाळी गाडी थंड असताना दुसरा थोडा अडतो, तेव्हा घाई करायची नाही, तेल गरम झालं की लोण्यासारखा पडतो. उतरताना बघितलं की खालपर्यंत ब्रेकचा वास नाही, पेडल मऊ पडलं नाही, इंजिन ब्रेकिंग आणि कमी वजन यावर निभावतं सगळं. घाटात बाकीच्यांच्या चाकांमधून धूर येत होता.

आता त्रास. तो पण भरपूर आहे आणि घ्यायच्या विचारात असाल तर नीट वाचा.

ग्राउंड क्लिअरन्स १४० मिलीमीटरच्या आत. सोसायटीच्या रॅम्पवर सरळ गेलात तर पुढच्या बंपरची खालची कड घासणार, तिरकी घ्यावी लागते, आमच्या वॉचमन काकांना आता एवढं माहीत झालंय की मी आलो की ते दोन्ही गेट उघडतात आणि "साहेब, डावीकडून घ्या" म्हणून हात दाखवतात. त्यांचे खरंच उपकार आहेत. ठाण्याचा घोडबंदर रोड हा वेगळाच विषय. मावशी कासारवडवलीला राहते, माजिवडा सोडलं की मेट्रोच्या कामाचे पत्रे, मध्येच खडी, सर्व्हिस रोडचा जोड एका बाजूला वर एका बाजूला खाली, १९५/५० आर१६ टायर आणि स्टेपनी नाही, डिकीत नुसतं पंक्चरचं किट. साइडवॉल फाटली तर किटचा उपयोग शून्य, सरळ टोइंग. पावसाळ्यात तिकडे ही न्यायची नाही हे घरात ठरलंय. ही टायर साइज पण शोधावी लागते, दुकानदार १९५/५५ घ्या म्हणून मागे लागतात कारण ती बलेनोची असल्यामुळे सगळीकडे मिळते.

ट्रेलर. उरणफाट्याकडून जेएनपीटी बंदराचे कंटेनर ट्रेलर बाजूने जातात तेव्हा त्यांच्या चाकाचे नट तुमच्या डोळ्यांच्या लेव्हलला येतात. त्यांच्या केबिनमधून ही गाडी दिसत नाही असंच धरून चालायचं, बाजूला रेंगाळायचं नाही, एकतर पुढे निघायचं नाहीतर मागे थांबायचं. हे मी मनापासून सांगतोय, यात हुशारी करू नका.

बॉनेटचं एक फार कमी लोकांना माहीत असतं. माणसाला धडक बसली तर डोक्याला कमी लागावं म्हणून बॉनेट मागच्या बाजूने एकदम उचललं जाईल अशी छोटी स्फोटक यंत्रणा आत असते. चांगली गोष्ट आहे, पण एकदा उडाली की ते पार्ट नवेच टाकावे लागतात आणि ते इथे स्टॉकमध्ये कोणाकडेच नसतात. पामबीचच्या सर्व्हिस रोडला रात्री कुत्री आडवी येतात, त्यामुळे तिथे मी अगदी सावकाश जातो, कुत्र्यासाठी पण आणि बॉनेटसाठी पण.

पावसाचं विचाराल तर हूड गळत नाही, एक थेंब नाही. फक्त हूडवरून येणारं पाणी सीटमागच्या नळ्यांमधून खाली जातं आणि झाडाखाली पार्किंग असेल तर पानांचा चुरा त्यात अडकतो, मग पाणी तुंबून कार्पेटमध्ये उतरतं. आमच्या रोडला सगळी रेन ट्री, त्यांची पानं बारीक, बरोब्बर त्या नळ्यांच्या तोंडाच्या जाळीत जाऊन बसतात. जूनच्या आधी आणि मग मध्ये मध्ये ती जाळी साफ करायचीच, पाच मिनिटांचं काम.

सामान: डिकी १३० लिटर, दोन केबिन बॅगा आणि वर जॅकेट, संपलं. समोर ग्लव्हबॉक्स नाही, दोन सीटच्या मध्ये मागे एक छोटं लॉकर आहे. स्टिअरिंग माझ्या मॉडेलमध्ये फक्त वर-खाली होतं, पुढे-मागे नाही, ते नंतरच्या २०१८ च्या बदलात आलं. माझी उंची पाच आठ, मला सगळं बरोबर बसतं, पण माझ्या सहा फुटी मावसभावाचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, तर घेण्याआधी अर्धा तास बसून बघाच. आई पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "अरे हे बसायचं आहे की लोळायचं?" उतरताना हात द्यावा लागतो तिला. पण हूड उघडून तिला वाशीला सागर विहारपर्यंत नेलं तर परत येताना स्वतःच म्हणाली की लावू नकोस, असंच राहू दे.

पेट्रोल. इंजिनचं कॉम्प्रेशन १३ ला १ आहे, म्हणजे चांगलं ऑक्टेन लागतंच, आणि गाडी बनलीये दहा टक्के इथेनॉलच्या हिशोबाने, आपल्याकडे पंपावर आता वीस टक्के. त्यामुळे मी १०० ऑक्टेनवालं टाकतो, महाग आहे, पण ४५ लिटरची टाकी आणि एकट्याच्या मजेसाठीची गाडी, चालतं. मायलेज मिक्समध्ये चौदाच्या आसपास पडतं. इंजिन ऑइल ०डब्ल्यू-२०, ते इथे कुठेही मिळतं, ब्रेक पॅड आणि फिल्टर बाहेरून मागवायचे. तुर्भे एमआयडीसीत एक स्वतंत्र गॅरेज आहे, तिथल्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतल्यावर आधी खालून सगळं नीट बघितलं, सस्पेन्शनची डबल विशबोन बघून खूश झाला, मगच हात लावला. असा माणूस सापडेपर्यंत गाडी घेऊ नका.

इन्शुरन्सला मात्र जीव खाल्ला. एका कंपनीच्या सिस्टीममध्ये हे मॉडेलच नाही म्हणून त्यांनी आठवडाभर फिरवलं आणि शेवटी त्यांनी गाडीची धरलेली किंमत खऱ्या किमतीच्या निम्मीसुद्धा नव्हती, दुसरीकडे गेलो तिथे माणसाने गाडी प्रत्यक्ष येऊन बघितली आणि झालं. आणि कागद. बाहेरून आलेली गाडी घेताना आरसी बघून थांबू नका, कस्टमचं बिल ऑफ एंट्री आणि ड्युटी भरल्याची पावती ओरिजिनल मागा, चॅसी नंबर स्वतः काचेखालच्या पट्टीवर आणि बॉडीवर दोन्हीकडे जुळवा, मगच मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या. मालक यातलं काही दाखवायला टाळाटाळ करत असेल तर कितीही आवडली असली तरी तिथूनच परत फिरा, अशी दुसरी मिळेपर्यंत थांबलेलं परवडतं.