गॅरेजातला टेम्पो : हायब्रिड पिकअपचे चौदा महिने

गाडी घरी आली त्याच दिवशी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. अण्णांची हयात मार्केट यार्डात मॅटाडोरवर गेली. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाची तब्येत सांगतात. मी बटण दाबलं, समोर हिरवं 'रेडी' उमटलं आणि पुढे शांतता.

"लागली न्हाई व्हय?"

"लागलीय की."

"मग आवाज कुठाय?"

शेवटी हीटर पूर्ण वाढवला तेव्हा कुठे इंजिन खाकरलं. अण्णा म्हणाले, "असली कसली गाडी, तिच्या मनात आलं तर चालू व्हणारी!" चौदा महिने आणि ११,४०० मैल झाले, माझंही मत फार वेगळं नाही. फक्त तिच्या मनात कधी काय येतं ते आता बरंचसं कळतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातल्या निम्म्या तक्रारी कुठल्याही हायब्रिडला लागू पडतील. लहान पिकअप आहे: चार दारं, अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, इलेक्ट्रिक मोटार, मागे साडेचार फुटांचा हौदा. प्लग लावायची भानगड नाही. आम्ही अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या उपनगरात राहतो. घेतली माझ्या बागेसाठी. मंडळात तिचं नाव पहिल्याच दिवशी 'टेम्पो' पडलं, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात हसणाऱ्या सगळ्यांचे फोन आले.

मखराचं प्लायवूड मीच आणलं. चार बाय आठ फुटांचा तक्ता चाकांच्या कमानींमध्ये सपाट मावत नाही, कमानींवर टेकवावा लागतो, आणि फाळका अर्धा उघडा ठेवून मागे लाल फडकं बांधायचं. एवढं सोडलं तर हौद्याबद्दल तक्रार नाही. भार मात्र बघून भरा. हिची मर्यादा १,५०० पाउंड, म्हणजे ६८० किलो, आणि एक घन यार्ड ओली माती जवळजवळ टनभर भरते. नर्सरीत लोडरवाल्याने बादली वर उचलल्यावर मी दोन्ही हात हलवून त्याला थांबवलं होतं.

उन्हाळ्यात गावातल्या गावात गॅलनला ४१ मैलांचं ॲव्हरेज मिळालं, म्हणजे लिटरला सतरा किलोमीटरच्या वर. हायवेवर सत्तरच्या पुढे पळवली की तेच ३३ वर येतं. नवीन माणूस इथे गोंधळतो, पण सिग्नलला थांबताना जी शक्ती ब्रेकमधून बॅटरीत परत मिळते ती हायवेवर मिळणार कुठून?

खरी परीक्षा हिवाळ्याची. माझी लायब्ररी तीन मैलांवर. बाहेर उणे वीस सेल्सिअस असलं की हीटरला गरम पाणी हवं, ते इंजिनाकडूनच येणार; शिवाय गारठलेली बॅटरी आधीच कुरकुरते. त्यामुळे इंजिन घरापासून लायब्ररीपर्यंत चालूच, आणि पुरतं तापायच्या आत मी पोचलेली. ॲव्हरेज २७. ते एकवेळ चाललं असतं. मार्चमध्ये अण्णांच्या सवयीने डिपस्टिक ओढून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! हुंगलं, तर पेट्रोलचा वास. इंजिन थंडच राहिलं की न जळलेलं थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. लांब चालवली की ते उडून जातं, तीन-तीन मैलांत जात नाही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "नॉर्मल आहे." असेल. तरी मी ऑइल वेळेआधी बदलून घेतलं आणि आता दर रविवारी अर्धा तास हायवेवर फिरवून आणते. कुत्र्याला फिरवावं तशी.

आवाजाची सवय व्हायला मला सर्वांत वेळ लागला. हिला आपल्या ओळखीचे गिअर नाहीतच. ग्रहमालेसारख्या फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या एका संचात इंजिन आणि मोटारी जोडलेल्या आहेत. चढावर पाय दाबला की इंजिन ओरडायला लागतं आणि वेग सावकाश वाढतो. वाटतं क्लच घसरतोय. तसं काही नसतं. उलटा प्रकार डुलुथला झाला. थॉम्पसन हिलचा लांब उतार उतरताना समोर लेक सुपीरियर पसरलेलं, पाय पेडलवर नाही, आणि इंजिन एकदम गरजायला लागलं. ह्यांनी दाराचं हँडल घट्ट धरलं. बॅटरी काठोकाठ भरली होती. जादा वीज खर्च करायला मोटार इंजिनाला पेट्रोलशिवाय नुसतंच गरागरा फिरवत होती. हे मला नंतर कळलं. त्या उतारावर मात्र मी देवाचं नाव घेत होते.

ब्रेकच्या दोन खोडी आहेत. रोजचं बरंचसं थांबवणं मोटारच करते, त्यामुळे डिस्क घासली जात नाही, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने रातोरात तांबडी होते. सकाळी पहिल्या वळणावर खर्रर्र होतं, चार ब्रेक मारले की जातं. दुसरी मला आवडत नाही: हलका ब्रेक धरलेला असताना चाक खड्ड्यात गेलं, की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो. मी अंतर वाढवलंय.

रिव्हर्स घेताना देवळातल्या पेटीचा एकच सूर धरून ठेवावा तसा गुंजारव येतो. अशा मुक्या गाड्यांनी सावकाश जाताना आवाज करण्याची इथे कायद्यानेच सक्ती आहे. शेजारचा कुत्रा त्या सुरात सूर मिळवतो.

रोज दहा-पंधरा मैल जाणं-येणं असेल आणि शनिवारी माती-लाकूड वाहायचं असेल, तर खुशाल घ्या. माझ्यासारखा तीन मैलांचा हिवाळा असेल तर दोनदा विचार करा.

आणि ती बारा व्होल्टची बॅटरी! जानेवारीत तीन आठवडे सांगलीला जाऊन आले, तर दार उघडेना. रिमोटमधली छोटी किल्ली काढून आत शिरले; समोर अंधार. मोठी बॅटरी चांगली भरलेली असणार, पण तिला जोडणारा स्विच आणि सगळे कॉम्प्युटर जागे करतं ते हे छोटं डबडं. ते मेलं की सगळं मेलं. ते भरतं फक्त गाडी 'रेडी'त असताना, आणि ॲपने गाडीची विचारपूस केली की उतरतं. सांगलीत मी काय करत होते? दिवसातून दोनदा अण्णांना ॲपवर दाखवत होते, बघा, कुलूप लावलेलं आहे, पेट्रोल अर्धी टाकी आहे. त्याचाही हातभार लागलाच असणार.

शेजाऱ्याकडून केबल लावून उठवली. आता लांब जायचं असलं की चाळीस डॉलरचा छोटा चार्जर लावून जाते.

अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, "उताराला लावून ठिवायची की. आमची मॅटाडोर आम्ही कायम उतारालाच लावायचो."

हिला ढकलून काही होत नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.